दोष कानात की यंत्रात? : जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरची दुरुस्ती

दिवाळीच्या सुटीत बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निघालो आणि हजरत निजामुद्दीनला उतरून घरी, गाझियाबादच्या वैशालीला पोहोचलो. आमच्या घरी संध्याकाळी सात वाजले की आबांच्या खोलीतून अभंग ऐकू येतात. त्या दिवशी खोली शांत होती. अँप्लिफायरवर आजीने विणलेला रुमाल टाकलेला होता.

"आबा, गाणी का बंद?" मी विचारले.

"काय करायचंय लावून? उजवीकडून नुसता फाटका आवाज येतो. शब्द कळत नाहीत. कान गेला माझा."

आबा तोफखान्यातून निवृत्त झाले. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये प्रशिक्षण आणि पुढे चोवीस वर्षे नोकरी. तोफांच्या आवाजाने त्यांचा उजवा कान पूर्वीपासूनच थोडा अधू आहे. त्यामुळे आता तो पूर्ण गेला, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. ही गोष्ट त्यांनी सहा महिने कोणालाच सांगितली नव्हती. आजीला वाटत होते, त्यांना गाण्याचा कंटाळा आला.

मी अँप्लिफायर लावला. उजव्या स्पीकरचा आवाज मलाही फाटकाच ऐकू आला. पण माझ्या ऐकण्यावर आबांचा विश्वास बसेना. "तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस," असे ते म्हणाले. तेव्हा दोष कुठे आहे हे सिद्ध करणे भाग होते. ते मी कसे केले आणि त्यात कोणत्या चुका केल्या, हे या लेखात लिहीत आहे. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबमधील मित्रांना त्याचा उपयोग होईल.

स्टिरिओ म्हणजे काय?

आपल्याला दोन कान असल्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे कळते. हेच तत्त्व ध्वनिमुद्रणात आणण्याचे मोठे काम अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने केले. त्याने डिसेंबर १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो विमानात बसवायच्या रडारवर काम करत होता. त्याच रडारची चाचणी घेत असताना ७ जून १९४२ रोजी हॅलिफॅक्स जातीचे विमान कोसळले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला.

स्टिरिओ अँप्लिफायरमध्ये डावा आणि उजवा असे दोन चॅनेल असतात. एकाच पेटीत दोन सारखे अँप्लिफायर आहेत असे समजा. वीजपुरवठा बहुधा दोघांना एकच असतो, बाकी प्रत्येक भाग जोडीने असतो. दुरुस्ती करणाऱ्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. एक चॅनेल बिघडला तरी दुसरा शेजारीच चांगला चालू असतो. सर्किटचा नकाशा हाती नसला तरी चांगला चॅनेलच आपला नकाशा होतो.

आबांचा अँप्लिफायर भारतीय बनावटीचा आणि चाळीस वर्षांहून जुना आहे. मागच्या बाजूला, हीटसिंकवर २एन३०५५ जातीचे चार पॉवर ट्रान्झिस्टर आहेत, प्रत्येक चॅनेलला दोन. धातूच्या टोपीसारखा दिसणारा हा ट्रान्झिस्टर १५ अँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो. आतल्या बोर्डवर एसएल१०० आणि बीसी१४८ हे छोटे ट्रान्झिस्टर दिसले. त्या काळी हे भाग भारतातच बनत. भारत इलेक्ट्रॉनिक्स या संरक्षण खात्याच्या कंपनीने १९६२ साली जर्मेनियमचे सेमीकंडक्टर बनवायला सुरुवात केली होती. याच कंपनीने १९७४ साली आमच्या गाझियाबादमध्ये हवाई दलासाठी रडार बनवण्याचा कारखाना काढला. दिल्लीतही १९६४ साली सुरू झालेली कॉन्टिनेंटल डिव्हाइस ही कंपनी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनवू लागली.

आधी सुरक्षितता

घरातील वीज २३० व्होल्टची असते. अँप्लिफायरची पिन काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला राहतो. म्हणून मी पाच नियम पाळले.

१. पेटी उघडताना वडील शेजारी बसले होते. एकट्याने हे काम करू नये.

२. पिन काढल्यावर मोठा कपॅसिटर १०० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून रिकामा केला आणि मीटरने खात्री केली. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडतात, ते करू नये.

३. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी तार चॅसिसला चिमट्याने लावून ठेवली आणि लाल तार उजव्या हातात धरली. डावा हात पाठीमागे, अगदी परेडच्या 'विश्राम'सारखा. दोन्ही हात यंत्रात असतील आणि शॉक बसला, तर प्रवाह छातीतून जातो.

४. अँप्लिफायर सिरीज लॅम्पमधून चालू केला. म्हणजे १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मुख्य तारेत मध्ये जोडला. आत शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो आणि यंत्राला जाणारा प्रवाह अडवून धरतो.

५. काही काढण्यापूर्वी फोनवर फोटो काढले आणि तारांचे रंग वहीत लिहिले.

माझी पहिली चूक

इथे मला खरे सांगितले पाहिजे. हे सगळे नियम मी पहिल्या दिवशी पाळले नव्हते. आवाज फाटतो म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरच गेले असणार, असे ठरवून मी न मोजताच खरेदीला गेलो. वैशालीहून मेट्रोने मंडी हाउस, तिथे गाडी बदलून लाल किल्ला. समोरच जुने लाजपत राय मार्केट आहे. दिवाळीच्या माळांच्या ढिगांमधून वाट काढत मी ट्रान्झिस्टरचे दुकान शोधले आणि खाऊच्या पैशांतून २एन३०५५चे चार नग घेऊन आलो.

घरी येऊन उजव्या चॅनेलचे दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. सिरीज लॅम्प तेवढा लावला होता, कारण आमच्या सरांनी ती सवय लावली आहे. बटण दाबले आणि बल्ब पूर्ण पेटला. लगेच पिन काढली. कारण शोधायला अर्धा तास गेला. या ट्रान्झिस्टरची धातूची टोपी हाच त्याचा कलेक्टर असतो. त्यामुळे टोपी आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती लागते. जुना ट्रान्झिस्टर काढताना त्यातली एक चकती खाली पडली होती आणि मी तशीच जुळणी केली होती. मुख्य पुरवठा थेट चॅसिसला शॉर्ट झाला होता. बल्ब नसता तर ट्रान्सफॉर्मरसुद्धा जळाला असता.

चकती जागेवर बसवली. बल्ब मंद झाला, पण आवाज होता तसाच फाटका राहिला. म्हणजे पैसे गेले आणि दोष तिथेच. काढलेले ट्रान्झिस्टर मीटरवर तपासले, तर दोन्ही चांगले निघाले. मी तेच परत बसवले.

रात्री हे आबांना सांगितले. वाटले, रागावतील. ते एवढेच म्हणाले, "निशाण न बघता गोळा टाकलास. आता आधी बघ."

अदलाबदल करून बघा

दुसऱ्या दिवशी पद्धतशीर सुरुवात केली. नियम एकच होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम वहीत लिहायचा.

*पहिली परीक्षा.* अँप्लिफायर बंद करून मागच्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. डावा स्पीकर उजव्या चॅनेलला, उजवा स्पीकर डाव्या चॅनेलला. आबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवले आणि तोच अभंग लावला. मी काही बोललो नाही. आबांनी मान डावीकडे वळवली.

"अरे, आता डावीकडून फाटतंय."

डावा कान त्यांचा चांगला आहे. खुर्ची तीच, गाणे तेच, बदलल्या होत्या फक्त तारा. दोष कानात असता तर तो तारांबरोबर डावीकडे गेला नसता. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग आजीला हाक मारून म्हणाले, "ऐक, मशीनच बिघडलंय." तेवढ्यासाठीसुद्धा ही दुरुस्ती करावी असे मला वाटले.

याच परीक्षेने आणखी एक गोष्ट कळली. उजवा स्पीकर आता डाव्या चॅनेलवर स्वच्छ वाजत होता. म्हणजे स्पीकर निर्दोष.

*दुसरी परीक्षा.* स्पीकर जागेवर आणले आणि कॅसेट डेककडून येणाऱ्या दोन पिनांची अदलाबदल केली. फाटका आवाज उजवीकडेच राहिला. म्हणजे डेक आणि त्याची तारही निर्दोष. दोष अँप्लिफायरच्या पेटीतच होता.

*तिसरी परीक्षा.* पेटीत प्रत्येक चॅनेलचे दोन टप्पे असतात. पुढचा टप्पा आवाजाची पट्टी, बास आणि ट्रेबल सांभाळतो. मागचा टप्पा स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. या दोन टप्प्यांना जोडणाऱ्या तारांची अदलाबदल केली. आवाज तरीही उजव्या स्पीकरमध्येच फाटत होता. म्हणजे दोष उजव्या चॅनेलच्या मागच्या टप्प्यात.

मी वहीतील आकृती आबांना दाखवली. साखळीच्या मध्ये तपासायचे, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचे, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. आबा म्हणाले, "हे तर आमचं ब्रॅकेट." तोफेचा मारा जुळवताना निरीक्षक एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे आणि एक अलीकडे पाडून घेतो. मग मधले अंतर निम्मे करतो, पुन्हा निम्मे करतो आणि लक्ष्य हाती लागल्यावरच सगळ्या तोफा चालतात. दोष शोधण्याची रीत अगदी तीच आहे. आठ भागांच्या साखळीत अशा रीतीने तीन परीक्षांत एका भागापर्यंत पोहोचता येते.

आता मोजमाप

आता मीटर काढला. यंत्र चालू, आवाज शून्यावर आणि सिरीज लॅम्प काढलेला, कारण लॅम्पमुळे व्होल्टेज थोडे कमी दिसते. दोन्ही चॅनेलच्या सारख्याच जागी मोजत गेलो. आकडे असे आले :

मुख्य पुरवठा : डावा ४६ व्होल्ट, उजवा ४६ व्होल्ट.
मध्यबिंदू : डावा २३ व्होल्ट, उजवा ३.१ व्होल्ट.
पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस : डावा २१.६ व्होल्ट, उजवा २.१ व्होल्ट.

मध्यबिंदू म्हणजे दोन पॉवर ट्रान्झिस्टर जिथे मिळतात ती जागा. तिथूनच एका मोठ्या कपॅसिटरमार्गे आवाज स्पीकरला जातो. या प्रकारच्या अँप्लिफायरमध्ये मध्यबिंदूवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज असावे लागते. त्याचे कारण परेड ग्राउंडवर समजून घेऊ. ४६ पावले रुंद मैदानाच्या मध्यरेषेवर तुम्ही उभे असाल, तर डावीकडे आणि उजवीकडे २३-२३ पावले मोकळेपणाने जाऊ शकता. पण भिंतीपासून तीनच पावलांवर उभे असाल, तर एका बाजूला चौथ्या पावलाला भिंतीवर आदळाल. आवाजाची लहरही अशीच मध्यबिंदूच्या वर आणि खाली झुलते. उजव्या चॅनेलमध्ये तिला खाली जायला जागाच नव्हती. लहरीचा खालचा भाग कापला जात होता आणि कापलेली लहर कानाला फाटकी लागते. आवाज अगदी बारीक ठेवला की तो बरा येत असे. त्याचाही उलगडा इथे झाला.

मध्यबिंदूचे व्होल्टेज हे पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसच्या मागे मागे चालते. बेसच खाली होता, म्हणून मध्यबिंदू खाली होता. पॉवर ट्रान्झिस्टर बिचारे हुकूम पाळत होते. चुकीचा हुकूम देणारा त्यांच्या आधी होता.

ओहमचा नियम कामाला आला

बेसला व्होल्टेज देण्यासाठी मुख्य पुरवठ्यापासून १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले होते. बेसपासून जमिनीपर्यंत १८० किलोओहमचा तिसरा. पहिल्या दोन रेझिस्टरांच्या सांध्यावर ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जमिनीला जोडलेला होता. पुरवठ्यातील गुणगुण आत येऊ नये, हे त्याचे काम. या सांध्यावर डावीकडे ३३.६ व्होल्ट मिळाले आणि उजवीकडे फक्त ३.३.

हिशेब दहावीच्या पुस्तकातला आहे. प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध.

डावीकडे पहिल्या रेझिस्टरवर ४६ वजा ३३.६, म्हणजे १२.४ व्होल्ट. प्रवाह सुमारे ०.१२ मिलिअँपिअर.
उजवीकडे ४६ वजा ३.३, म्हणजे ४२.७ व्होल्ट. प्रवाह सुमारे ०.४३ मिलिअँपिअर.

पुरवठा सारखा आणि रेझिस्टर सारखा. तरी उजवीकडे साडेतीन पट प्रवाह जात होता. यंत्र बंद करून रेझिस्टर मोजले, ते बरोबर होते. मग जास्तीचा प्रवाह जातो कुठे? सांध्यावरून दोनच वाटा होत्या. बेसकडच्या वाटेने जाणारा प्रवाह तर फारच थोडा होता, कारण तिथे व्होल्टेजच नव्हते. उरला कपॅसिटर. चांगला कपॅसिटर एकदा भरला की स्थिर वीजप्रवाह जवळजवळ जाऊ देत नाही. जुना इलेक्ट्रोलिटिक मात्र आतून खराब होतो आणि गळक्या माठासारखा झिरपू लागतो.

अंदाज पक्का झाला, तरी या वेळी मी बाजारात पळालो नाही. यंत्र बंद केले, मोठा कपॅसिटर रिकामा केला आणि या संशयिताचा एकच पाय सोल्डर वितळवून सोडवला. पुन्हा चालू करून मोजले. सांधा ३३ व्होल्टवर आला आणि मध्यबिंदू २२.८ वर. दोष सापडला होता.

नवा कपॅसिटर कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दहा रुपयांच्या आत मिळाला. ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. बसवताना पट्टीची बाजू म्हणजे ऋण टोक, हे दोनदा तपासले, कारण इलेक्ट्रोलिटिक उलटा लावला तर फुटतो. डाव्या चॅनेलमधला त्याचा जोडीदारही बदलला. तो त्याच वयाचा होता. शेवटी आवाज शून्यावर ठेवून पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजले. दोन्ही चॅनेलमध्ये ९ ते १० मिलिव्होल्ट आले. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, तेव्हाच पेटीचे झाकण लावले.

कानाचे काय?

त्या संध्याकाळी सात वाजता भीमसेन जोशींची कॅसेट लागली. आबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी उठून बॅलन्सचे बटण किंचित उजवीकडे फिरवले आणि पुन्हा बसले.

ते मी पाहिले. दोन्ही चॅनेल सारखे आहेत हे मी नुकतेच मोजले होते. मग उजवीकडे जास्त आवाज कशाला लागतो? यंत्राचा दोष गेल्यामुळे कानाचा खरा दोष आता वेगळा दिसत होता. मी बाबांना सांगितले. बाबांनी आबांना डॉक्टरांकडे नेले आणि कानाची चाचणी झाली. मोठ्या आवाजाने अधू झालेल्या कानात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आधी कमी ऐकू येतात. त्यामुळे 'स', 'श', 'फ' अशी अक्षरे निसटतात आणि आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. आबांच्या उजव्या कानाचे तसेच होते. पण कान 'गेला' नव्हता. त्याला श्रवणयंत्राचा उपयोग होईल असे डॉक्टरांनी सांगितले. सहा महिने आबा यंत्राचा दोष कानावर घेऊन बसले होते आणि त्यामुळे कानाचा उपायही लांबला होता.

आपल्याही बाबतीत असे होते. नेम चुकला की 'माझा हातच खराब', गणित अडले की 'मला गणित येतच नाही'. मोजण्याआधीच आपण निकाल देतो, जसा मी ट्रान्झिस्टरबद्दल दिला होता.

क्लबमधील मित्रांसाठी क्रम पुन्हा लिहितो : आधी सुरक्षितता. मग बाहेरच्या तारांची अदलाबदल. मग साखळीचे निम्मे भाग. मग चांगल्या चॅनेलशी मोजमापाची तुलना. संशयिताचा एक पाय सोडवून खात्री. खरेदी सर्वांत शेवटी.

न लागलेले चार ट्रान्झिस्टर मी शाळेत घेऊन आलो आहे. क्लबच्या कपाटात खालच्या डब्यात ठेवले आहेत. ज्याला खरोखर लागतील त्याने घ्यावेत, पण आधी मोजून.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी